धामणवाडीचा धोंडा

सन्माननीय अध्यक्ष, आमच्या मोजणी कचेरीचे मोहतमीम रामचंद्रराव हुमनाबादकर साहेब. व्यासपीठावर माझ्या डाव्या हाताला बसलेले, माझ्याबरोबर साखळ्या ओढता ओढता म्हातारे झालेले मौलवी करीमुद्दीन साहेब. ज्यांनी हा दिवाणखाना आजच्या संध्याकाळपुरता आम्हाला दिला ते वाचनमंडळाचे चालक. कचेरीतले लहानथोर सहकारी. उजव्या अंगाला बसलेल्या माता-भगिनी. आणि तिकडे दाराशी, जोड्यांच्या ढिगाजवळ चटईवर बसलेले एक पाहुणे, ज्यांची ओळख मी थोड्या वेळाने करून देणार आहे, आपणा सर्वांना या दत्तात्रय पेशकाराचा नमस्कार. करीमुद्दीन साहेब, आपल्याला आदाब.

आधी माझी एक खोड सांगतो, म्हणजे पुढचं कळायला सोपं जाईल. मी चालताना पावलं मोजतो. मोजणीदाराची जातच तशी. दारापासून या टेबलापर्यंत एकतीस झाली. नामपल्लीच्या स्टेशनापासून शहालीबंड्याच्या माझ्या घरापर्यंत सात हजार पाचशे साठ. आमच्या सौभाग्यवती प्रमिलाबाई समोर बसल्या आहेत, त्यांचं म्हणणं असं की सप्तपदी चालतानासुद्धा मी मनात आकडे म्हणत होतो. अहो, पण सात भरली की नाही हे कुणीतरी बघायला नको का?

हसलात, बरं वाटलं. पुढे हसण्यासारखं फारसं नाही.

आत्ता करीमुद्दीन साहेबांनी माझ्यावर फुलं उधळली. म्हणाले, 'दत्तोपंत की नजर और लोहे की लकीर, दोनों एक.' मोहतमीमसाहेब म्हणाले, तीस वर्षांत यांच्या नकाशावर एकही बोट ठेवता आलं नाही. तुम्ही टाळ्या वाजवल्यात. मी मान खाली घालून बसलो होतो, ते तुम्हाला विनयाचं वाटलं असेल. विनय कसला? लाज होती ती. आज या सभेत मला माझ्या नजरेबद्दलच बोलायचं आहे. ती कुठून आली, आणि तिने काय करून ठेवलं.

माझा जन्म इथला. वडील इथले, आजोबा इथले. पेशकारी गेली, आडनाव राहिलं. घरामागे टेकाड, आणि टेकाडावर दगड. तुम्हा हैदराबादकरांना काय सांगायचं? हत्तीएवढे, घराएवढे, एकावर एक रचून ठेवल्यासारखे. आई आमची त्यांच्यावर सांडगे वाळत घालायची. आम्ही पोरं त्यांच्यावरून घसरायचो, चड्ड्या फाडायचो आणि मार खायचो. शाळेच्या वाटेवर दगड, मशिदीमागे दगड, देवळापुढे दगड. एखादा आडवा आला तर वळसा घालायचा, बसायचं झालं तर बसायचं. दगडाकडे कुणी पाहतं का? आपण हवेकडे पाहतो का? तसंच ते.

अशा डोळ्यांचा मी, पंचविसाव्या वर्षी मोजणीदार होऊन परभणी जिल्ह्यात गेलो. सरकारी फसली सन तेराशे एकोणीस, म्हणजे तीस वर्षांपूर्वी, चैताचे दिवस. नोकरी कच्ची होती, सहा महिने बघून मग पक्की करणार होते. गाव धामणवाडी. तुमच्यापैकी जे त्या मुलखात गेले असतील त्यांना ठाऊक आहे. जिकडे बघावं तिकडे काळी जमीन, सपाट, उन्हाने भेगाळलेली. दोन-दोन दिवस चालावं आणि पायाला खडा लागू नये. माझं तर तिथे डोकंच फिरलं. क्षितिजावर काहीच नाही हो! नजर जाते आणि परतच येत नाही.

माझ्या साखळीवर एक माणूस होता, यल्लय्या. नलगोंड्याकडचा, म्हणजे माझ्यासारखाच दगडांतला. बिचारा वारला, देव त्याचं भलं करो. धामणवाडीत आमचा पहिलाच दिवस. गावात चिटपाखरू नाही, कारण शेजारच्या गावचा बाजार होता. मी म्हटलं, थांबायचं कशाला? नवा उत्साह! ओढ्याकाठच्या शेतांपासून सुरुवात केली. एक शेत मुंजाजी ढग्यांचं, शेजारचं देशमुखांचं. मधला बांध आदल्या साली ओढ्याच्या पुरात वाहून गेलेला. म्हटलं, हद्द उद्या विचारून घेऊ, तोवर नकाशाची फळी मांडून बाकीचा नकाशा काढू. ऊन असं की साखळीला हात लावला तर फोड यावा. सावली एकच, थोड्या अंतरावर मुंजाजींच्या शेतात, विहिरीच्या पलीकडे, बाभळीची. आणि बसायला काही नाही.

तेवढ्यात यल्लय्याला एक धोंडा दिसला. गुडघाभर उंच, अर्धा जमिनीत, कलंडलेला. ना शेंदूर, ना अक्षर.

'साब, पत्थर है. उखाडके डालतुं?'

'हौ, डाल.'

बस्स. इतकंच बोलणं झालं. पहार घातली, दोरी बांधली, यल्लय्याने आणि दुसऱ्या एका गड्याने तो ओढत बाभळीखाली नेला. मी पुढे चालत होतो, पावलं मोजत. खोडच ती. मग मागे वळून खड्डा बघितला आणि माझ्या मनात काय आलं सांगू? कुणाच्या बैलाचा पाय अडकून मोडायचा. म्हणून तो खड्डा ढेकळं टाकून बुजवायला लावला, वरून तुडवायला लावला. केवढा मी काळजीवाहू! आणि मग दिवसभर त्या धोंड्यावर बसून, सावलीत, सुरेख नकाशा काढला.

आपण म्हणाल, त्यात काय एवढं? मलाही तेच वाटलं होतं. दगडात वाढलेल्या माणसाला दुसरं काय वाटणार?

पण जिथे आठ कोसांत दगड नाही, तिथे दगड आपोआप उगवत नाही, सभ्य गृहस्थहो. जो दिसतो तो कुणीतरी आणून ठेवलेला असतो. तो धोंडा मुंजाजींच्या आजाने आणि देशमुखांच्या आजाने मिळून डोंगरापासून गाडीत घालून आणला होता. दोघांनी दोन बाजूंनी खांदा देऊन हद्दीवर पुरला होता. त्या मुलखातलं शेंबडं पोर असतं ना, तरी त्याने तो धोंडा बघून विचारलं असतं, 'हा कोणाचा?' मला विचारावंसं वाटलं नाही. डोळे होते, पण ते शहालीबंड्याचे होते.

दुसऱ्या दिवशी सकाळी आमचे वरिष्ठ तपासणीला आले. नाव घेत नाही, कडक माणूस, हयात नाहीत. घोड्यावरूनच बोलायचे. गाव जमलं. मुंजाजी आले, देशमुख आले. दोघे एकाच बैलगाडीतून आले, हे लक्षात ठेवा. सावडीची शेती त्यांची. याचा बैल त्याच्या औताला, त्याची माणसं याच्या खळ्यावर.

वरिष्ठांनी विचारलं, हद्द कुठे? देशमुख म्हणाले, धोंडा असेल तिथे. आणि धोंडा बाभळीखाली.

दोघेही जागच्या जागी थांबले. मुंजाजी म्हणाले, 'धोंडा हितं न्हवता. हीर माझ्या अंगाला हाय की! मंग धोंडा हिरीच्या अलीकडं कामून?'

विहीर आणि तिच्या भोवतीची पट्टी आता धोंड्याच्या देशमुखांकडच्या बाजूला गेली होती. देशमुखांचा चेहरा मला अजून आठवतो. लबाडी नव्हती हो त्यात, गोंधळ होता. ते म्हणाले, 'मुंजा, बांध गेला तवापासून आपुन नीट बगितलंच न्हाई. पर धोंडा थोडाच चालत जातो?'

वरिष्ठ माझ्याकडे वळले. मोजणीदाराला अमीन म्हणत. 'अमीन, तुम्ही काल आलात तेव्हा दगड इथेच होता?'

मंडळी, एका वाक्याचं काम होतं. 'जी नाही, मीच बसायला आणला.' लोक हसले असते. वरिष्ठांनी चारचौघांत खरडपट्टी काढली असती. फार तर नोकरी गेली असती. वडिलांनी दहा उंबरठे झिजवून मिळवलेली नोकरी. ते माझ्या डोळ्यांपुढे आलं, आणि माझ्या तोंडून निघालं,

'जी हुजूर. इथेच होता.'

यल्लय्याने माझ्याकडे पाहिलं. मी खरं बोललो नाही, म्हणून तो आणि तो दुसरा गडीही बोलले नाहीत. नकाशावर रेघ पडली. तीच ही करीमुद्दीन साहेबांची लोखंडी रेघ.

गेली तीस वर्षं मी स्वतःची समजूत घालत आलो. म्हणायचो, चूक माझी नाही, मुलखाची आहे. माणूस ज्या मातीत वाढतो तिचाच डोळा त्याला मिळतो. खरं आहे ते. धोंडा उखडला तो माझ्या मुलखाने उखडला. पण दुसऱ्या सकाळचं ते खोटं? ते काय टेकाडाने शिकवलं होतं मला? आईने त्याच दगडांवर बसवून परवचा शिकवला होता, खोटं बोलायला नव्हतं शिकवलं. ते माझं स्वतःचं, घरचं, अस्सल.

पुढचं थोडक्यात सांगतो.

धोंडा स्वतः चालत नाही, मग तो कुणी हलवला? मुंजाजींनी सरळ हिशेब केला. ज्याचा फायदा झाला त्याने. म्हणजे देशमुखांनी. ती बैलगाडी त्या दिवशी शेवटची. एका ओढ्याच्या काठावर दोन घरं, तीस वर्षं बोलली नाहीत. देशमुख गेले तेव्हा मुंजाजी मातीला गेले नाहीत. विहीर गेली, बागायत गेलं, उरली कोरडवाहू. मुंजाजींच्या घरच्या बायका कोसभरावरून पाणी आणू लागल्या. आपल्याच विहिरीकडे पाठ करून.

आणि मुंजाजी दाद मागायला कुठे आले असतील? माझ्याकडे. हसा ना आता! सबंध हैदराबादेत त्यांच्या ओळखीचा एकच माणूस. 'साहेब, तुमी आमच्या गावात भाकर खाल्लीय, तुमीच काय ते करा.' दर दोन-तीन वर्षांनी गाडीने यायचे, पायी घरी यायचे, खांद्यावर उपरणं, उपरण्याच्या पदरात शेंगा. प्रमिलाबाई त्यांना जेवू घालायच्या. मी त्यांचे अर्ज लिहून द्यायचो. उर्दूत, सुवाच्य अक्षरात! आणि ते अर्ज फेटाळले जायचे, कारण कागदावर मोजणीदाराचा जबाब होता, दगड जागेवरच होता. ज्या हाताने दार लावलं त्याच हाताने मी त्या माणसाला दार ठोठावायला शिकवत होतो.

पहिल्यांदा आले तेव्हाची गोष्ट सांगतो, कारण आज मी जे बोलतोय ते त्या दिवशीच बोलायला हवं होतं. जेवण झालं, हात धुवायला मागच्या दारी गेले, आणि परत येईनात. मी जाऊन बघतो तर टेकाडाकडे तोंड करून उभे. त्या सगळ्या दगडांकडे बघत. डोक्यावरचा पटका काढून हातात घेतलेला. मला म्हणाले,

'साहेब, येवढ्या हद्दी! कोनाकोनाच्या हायती ह्या?'

त्या माणसाला दगड दिसला की माणूस दिसत होता. कुणीतरी वाहून आणलेला, कुणीतरी कबूल केलेला, कुणाचा तरी शब्द. मला त्यात बसायची जागा दिसली होती. मी म्हटलं, 'मुंजाजी, हे कुणाचेच नाहीत, असेच आहेत.' त्यांना ते पटलं नाही. अजून पटलेलं नाही. तेव्हापासून मला मात्र त्या टेकाडाकडे पाहवत नाही. मागची खिडकी आम्ही बंद ठेवतो. घरात पाहुणे विचारतात, वारं का अडवता? मी म्हणतो, धूळ येते.

आता दाराशी बसलेल्या पाहुण्यांची ओळख करून देतो. हेच ते मुंजाजी ढगे. वय सत्तरच्या पुढे. परवाच्या गाडीने मी त्यांना बोलावून घेतलं, निरोपसमारंभ आहे, या म्हटलं. का बोलावलं ते सांगितलं नव्हतं. ते त्यांना आत्ता, तुमच्याबरोबरच कळलं आहे.

मुंजाजी, बसा. बसा हो. जाऊ नका. तुम्हाला काय बोलायचं असेल ते बोला, पण माझं पुरं होऊ द्या. श्रीनिवास, त्यांना पाणी दे, आणि खुर्ची दे पुढे. नको म्हणतात? बरं, राहू द्या, त्यांना हवं तिथे बसू द्या.

घरात मी हे आज सकाळी सांगितलं. प्रमिलाबाई माझ्या शेवटच्या दिवसाचा म्हणून अंगरखा घडी करत होत्या. घडी तशीच राहिली. म्हणाल्या, 'म्हणजे त्या माणसाला मी तीस वर्षं जेवू घातलं, ते तुमचं प्रायश्चित्त होतं? आणि मला न सांगता?' मी म्हटलं, मोहतमीमसाहेबांना एकटं गाठून सांगेन. त्या म्हणाल्या, 'एकटं गाठून सांगाल तर एकट्यातच मिटेल. खोटं चारचौघांत बोललात ना? मग खरंही चारचौघांतच बोला.' म्हणून ही सभा नासवतो आहे. दोष द्यायचा तर त्यांनाही थोडा द्या.

मोहतमीमसाहेब, आता आपल्याशी. आज आबान महिन्याची सव्वीस. तीस वर्षांनी धामणवाडीची फेरमोजणी चालू आहे आणि हरकती घ्यायची मुदत आबानअखेर संपते. चार दिवस राहिले. त्यानंतर ती रेघ आणखी तीस वर्षं पक्की. मुंजाजींना आणखी तीस वर्षं नाहीत. मला आज पंचावन्न पुरी होतात. म्हणजे सूर्य मावळेपर्यंत मी आपला नोकर आहे, आणि तोवर माझा जबाब हा मोजणीदाराचा जबाब आहे. उद्या सकाळी तो वजीफ्यावर, म्हणजे पेन्शनीवर जगणाऱ्या एका म्हाताऱ्याची बडबड ठरेल. म्हणून हा कागद सकाळीच लिहून आणला. धोंडा मी हलवला, खड्डा मी बुजवला, हुजुरांपुढे खोटं मी बोललो. खाली सही आहे. करीमुद्दीन साहेब, साक्षीदार म्हणून आपली सही मागितली तर देणार का? आपण माझी तारीफ केलीत, आता एवढंही करा.

यावरून माझा वजीफा थांबेल हे मला ठाऊक आहे. नियम मीच इतरांना वाचून दाखवले आहेत. भीती वाटत नाही असं म्हणणार नाही, कारण आता खोटं नको. वाटते. फार वाटते. ही शाल मी घेतली, कारण त्या क्षणी नाकारली असती तर नाटक झालं असतं. आता ती घडी करून इथे टेबलावर ठेवतो आहे. कुणी मनाला लावून घेऊ नका.

कचेरीतल्या तरुण मंडळींना दोन शब्द. तुम्ही कुणी बेगम बाजारात वाढलात, कुणी गोदाकाठी, कुणी माझ्यासारखे टेकाडाखाली. ज्या गावात साखळी टाकाल, त्या गावच्या माणसाबरोबर आधी एक दिवस नुसते हिंडा. तो कुठे थांबतो, कशाला वळसा घालतो, कशापाशी चप्पल काढतो ते बघा. साखळी दुसऱ्या दिवशी काढली तर आभाळ कोसळत नाही. मी एक दिवस वाचवला होता.

आता रीतीप्रमाणे आभार. अध्यक्षांचे, करीमुद्दीन साहेबांचे, वाचनमंडळाचे, आपणा सर्वांचे. ज्यांनी हार गुंफले, ज्यांनी चहा केला त्यांचे. भाषण लांबलं, मध्ये दख्खनी घुसली, कुणाचा मानपान राहिला असेल, त्या सगळ्याची उदार मनाने क्षमा करावी. धामणवाडीची क्षमा मात्र मी मागत नाही. ती देणं या सभेच्या हाती नाही, आणि ज्यांच्या हाती आहे त्यांच्याकडे मागायला तोंड नाही.

थांबा, मुंजाजी उठले आहेत. त्यांना बोलू द्या. काय म्हणता? जरा मोठ्याने, मला ऐकू येत नाही.

ते विचारताहेत, 'साहेब, ते सगळं राहू द्या. धोंड्याची खरी जागा ध्यानात हाय का तुमच्या?'

आहे, मुंजाजी. उद्या सकाळच्या गाडीने तुमच्याबरोबर येतो आणि दाखवतो. देशमुखांच्या मुलांनाही बोलावून घेऊ. बाभळीपासून, उगवतीकडे, ओढ्याला समांतर. बाभूळ राहिली नसेल तर तिचं खोड शोधू, खोड नसेल तर विहिरीवरून धरू. अठ्ठेचाळीस पावलं.